मार्चअखेरच्या शनिवार-रविवारी पुण्याहून अलिबागला जावं की महाबळेश्वरला? हवा कशी असेल?

सोबत वयस्कर मंडळी असतील तर महाबळेश्वर. दुपारचं ऊन तिथेही लागतं, पण उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास असल्याने संध्याकाळ सुखाची जाते.

अलिबागचं सगळं गणित खाऱ्या वाऱ्यावर. तो दुपारच्या आत सुटला तर पारा आवरतो (घाम येणारच, त्याला इलाज नाही). पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले की खारा वारा उशिरा पोचतो आणि किनाराही भाजून निघतो. मुंबईत 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश नोंदले गेले ते याच मोसमात. किनारपट्टीवर तापमान 37 अंश किंवा त्यापुढे आणि सरासरीहून निदान साडेचार अंश जास्त गेलं की उष्णतेची लाट धरतात; मैदानी भागात 40 लागतात.

अवकाळीचं म्हणाल तर घाटमाथ्यावर दुपारनंतर ढग जमू शकतात. मोबाइलवरचा दहा दिवसांचा पावसाचा अंदाज बघून बुकिंग रद्द करू नका, गडगडाटी ढग काही तासांत तयार होतात. गुरुवारी हवामान विभागाचा जिल्हावार इशारा बघा. पिवळा असला तरी जा, फक्त वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट सकाळीच चढा.