मॅमथ हजारो वर्षं कुजत कसे नाहीत?

तुम्ही विचारलंय की फ्रीजरमधलं मटण काही महिन्यांत बेचव होतं, मग सायबेरियातले मॅमथ, म्हणजे हत्तीचे नामशेष झालेले केसाळ भाऊबंद, केसांसकट कसे टिकतात. मलाही आधी वाटायचं की चरता चरता एकदम कडाका पडला आणि उभ्या उभ्या गोठले, तसले फॉरवर्ड येतच असतात. पण तसं नाहीये हो. फ्रीजरमध्ये हवा असते, दार दिवसभर उघडझाप, त्यात लाइट जाते. मॅमथ बहुतेक वेळा चिखलात रुतून किंवा दरडीखाली गाडले गेलेले, वर गाळ बसला की हवा बंद आणि खालची जमीन बारा महिने गोठलेली. उघड्यावर मेला असता तर लांडग्यांनी कधीच फडशा पाडला असता, थंडी कितीही असो.

ल्यूबाचंच बघा. 2007 च्या मे महिन्यात सायबेरियातल्या यामल द्वीपकल्पात युरी खुदी या रेनडियर पाळणाऱ्याला सापडलेलं मॅमथचं पिल्लू, वय महिनाभर, वजन 50 किलो, सुमारे 42 हजार वर्षं जुनं. चिखलात गुदमरून मेलं, सोंडेत चिखल, पोटात आईचं दूध. आणि लॅक्टिक आम्ल करणारे बॅक्टेरिया, म्हणजे दही लावणाऱ्यांचे भाऊबंद, त्यांनी ते आंबवलं, लोणचंच घातलं म्हणा ना, त्यामुळे वितळून नदीकाठी उघडं पडलं तरी सडलं नाही. पण खुदी कळवायला गेला तेवढ्यात कुणीतरी ते परस्पर दोन स्नोमोबाइलच्या बदल्यात दुकानदाराला देऊन टाकलं आणि गावातल्या कुत्र्यांनी कान नि शेपूट कुरतडली! इतकी वर्षं टिकून शेवटी कुत्र्यांच्या तोंडी.

मला मात्र मॅमथपेक्षा त्या काळच्या खारी भारी वाटतात. सायबेरियातल्याच कोलिमा नदीकाठी 38 मीटर खोल त्यांची बिळं सापडली, आपल्याकडच्या पेवासारखी बियाफळांनी भरलेली, तिथे तापमान कायम उणे 7 च्या आसपास. त्यातल्या सुमारे 32 हजार वर्षं जुन्या कच्च्या फळात बिया जिथे चिकटतात त्या गरापासून रशियन शास्त्रज्ञ स्वेतलाना याशिना आणि सहकाऱ्यांनी रोपं तयार केली (2012 मध्ये छापून आलं), पांढरी फुलं आली, बिया धरल्या आणि त्या रुजल्यासुद्धा. जुन्या पिकलेल्या बिया मात्र रुजल्या नव्हत्या.

मग मॅमथ का नाही जिवंत होत? जपानमध्ये युका नावाच्या 28 हजार वर्षं जुन्या मॅमथची पेशीकेंद्रकं उंदराच्या अंडपेशीत घालून पाहिली, 2019 ची गोष्ट, थोडी हालचाल दिसली पण पेशी काही विभागली नाही. डीएनएचे तुकडे झालेले असतात ना.