परासरण शिकताना पटलाकडे आधी पाहा

परासरण नव्याने शिकणाऱ्याला माझा पहिला सल्ला असा, की ‘मीठ पाणी ओढून घेते’ हे वाक्य वहीतून खोडून टाकावे. पाण्याचे रेणू अर्धपार्य पटलातून, म्हणजे पाण्याला जाऊ देणाऱ्या पण विरघळलेल्या कणांना अडवणाऱ्या पातळ पडद्यातून, दोन्ही दिशांनी सतत ये-जा करत असतात. मात्र ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, तिथून परतणारे पाणी कमी पडते आणि एकूण प्रवाह त्या बाजूकडे झुकतो; हेच परासरण. हा प्रवाह थोपवण्यासाठी संहत, म्हणजे जास्त कण विरघळलेल्या, द्रावणावर जेवढा जादा दाब द्यावा लागतो, तोच परासरण दाब. समुद्राच्या पाण्यासाठी तो वातावरणीय दाबाच्या सुमारे 27 पट भरतो आणि त्याहून अधिक दाब दिला की प्रवाह उलटा फिरतो.

पटलाला नुसती चाळणी समजू नये, कारण माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच होतो. सोडियमचा आयन आकाराने लहान असूनही पेशीपटलाच्या मेदथरातून सहसा जाऊ शकत नाही. त्याला अडवतो तो त्याच्यावरचा विद्युतप्रभार. पाण्यासाठी मात्र अनेक पेशींत ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या खास वाटा असतात, ज्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

बटाट्याच्या दोन सारख्या फोडी घेऊन एक साध्या पाण्यात, दुसरी दाट मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा. पहिली बोटांत कडक लागेल, दुसरी न मोडता वाकेल. दोन्हींचे वजन आधी आणि नंतर अवश्य करा, मात्र प्रत्येक वेळी फोड टिपून कोरडी करायला विसरू नका.