पेपरची पीडीएफ दिली, तरी जर्नल तीच माहिती पुन्हा फॉर्ममध्ये का भरायला लावतं?

द्राक्षावरच्या केवडा रोगाचा पेपर अपलोड केलात, त्यात नाव, कॉलेज, सारांश सगळं आहे, तरी अर्ध्या तासाचा फॉर्म समोर आला. तुमचा वैताग रास्त आहे. मी नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. हीच तक्रार आमच्या स्टाफरूममध्येही ऐकते.

पीडीएफ माणसाने वाचायची. यंत्राला तीत पानावर कोणतं अक्षर कुठे आहे एवढंच बहुतेक वेळा कळतं; वरची ठळक ओळ तुमचं शीर्षक की जर्नलचं नाव, हा त्याचा अंदाज. फाइलच्या प्रॉपर्टीज उघडा. पेपर कॉलेज रोडवरच्या एखाद्या दुकानात टाइप करून घेतला असेल, तर लेखक म्हणून ‘ॲडमिन’ दिसेल आणि शीर्षक ‘फायनल फायनल २’. फॉर्ममधली माहिती मात्र प्रत्येक रकान्यात वेगळी असते. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा क्रमांक, घेताना प्रकाशक तीच क्रॉसरेफकडे, म्हणजे असे क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेकडे, पाठवतो, आणि पुढे बरेच जण तिथून उचलतात.

सर्वात जास्त घोळ नावाचा. मार्कशीटवर आपण आडनाव आधी लिहितो, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं. यंत्र शेवटचा शब्द आडनाव समजतं. माझा एक पेपर माहेरच्या नावाने, दुसरा सासरच्या, आणि तिसऱ्यात चक्क नवऱ्याचं नाव माझं आडनाव होऊन बसलंय. गूगल स्कॉलरच्या लेखी आम्ही तिघी वेगळ्या बायका! म्हणून ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढाच. फुकट आहे, नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. सोळा अंकांतला शेवटचा आधीच्या पंधरांवरून गणिताने काढलेला असतो (आधारच्या बाराव्या अंकाचंही तसंच), त्यामुळे टाइप करताना एक अंक चुकला तरी पकडला जातो. तो अंक कधी इंग्रजी एक्स असतो. ती चूक नव्हे.

संस्थेचंही तेच. नाशिकच्या स्पेलिंगमध्ये कुणी एच घालतं, कुणी नाही. पुणे विद्यापीठाच्या नावात २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले आल्या, पण जुन्या पेपरांवर जुनंच नाव. हाताने टाइप करू नका, यादीतून निवडा; त्यामागे बहुधा आरओआरचा, म्हणजे संशोधन संस्थांच्या जागतिक नोंदवहीचा, क्रमांक असतो, आणि तो जुन्या-नव्या दोन्ही नावांना एकच.

कीवर्डमध्ये शीर्षकातलेच शब्द पुन्हा नकोत. केवड्यासाठी प्लास्मोपारा व्हिटिकोला हे रोग करणाऱ्या बुरशीसारख्या जिवाचं शास्त्रीय नाव शीर्षकात नसेल तर इथे टाका; परदेशातला माणूस त्यानेच शोधणार. संदर्भांना डीओआय जोडा, म्हणजे ज्यांचं काम तुम्ही वापरलंत त्यांच्या खात्यात तुमचा संदर्भ जमा होतो. निधीचा रकाना, अनुदान नसेल तर, रिकामा ठेवून पुढे जा.

आणि सहलेखकांचे ऑर्किड आजच मागून ठेवा. शेवटच्या तारखेला रात्री साडेअकराला गाइडसुद्धा फोन उचलत नाहीत.