भ्रूणाची टेस्ट करायची की नाही? शहाद्याच्या एका जोडप्याचा निर्णय

आयव्हीएफच्या वाटेवरची जोडपी माझ्याकडे येतात, तेव्हा अनेकांच्या खर्चाच्या कागदावर एक जास्तीची ओळ असते: भ्रूणाची जनुकीय तपासणी, म्हणजे पीजीटी. ‘करून घेतलेली बरी’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. थोडं बोलणं झालं की खरी काळजी बाहेर येते. ‘नाही केली आणि उद्या बाळात काही निघालं, तर? पैसे वाचवले म्हणून असं झालं, असंच म्हणतील ना सगळे?’ ही भीती मी कधीच हलकी समजत नाही. लग्नाला सात-आठ वर्षं होऊन मूल नसलेल्या बाईनं तोवर पुष्कळ ऐकलेलं असतं. आणखी एक ठपका झेलायची तिची ताकद उरलेली नसते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं एक जोडपं याच प्रश्नासाठी आलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते आहे. तो आश्रमशाळेत शिक्षक, ती अंगणवाडीत. तिचं वय 31. दोन्ही नळ्या बंद असल्यामुळे आयव्हीएफ सुरू होतं. गर्भपात एकही नाही. अंडी काढून झाली होती, पाचव्या दिवसापर्यंत वाढलेले चार चांगले भ्रूण गोठवलेले होते. पुण्याच्या एका नातेवाइकांनी ही टेस्ट केली होती आणि ‘आजकाल याच्याशिवाय कुणी भ्रूण गर्भाशयात ठेवतच नाही’ असं फोनवर ठासून सांगितलं होतं. घरात दोन आठवडे तोच विषय.

सासूबाई सोबत होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ‘‘मंग आंडोर शे का आंडेर, ते बी समजी का?’’ मुलगा की मुलगी हेही कळेल का? सूनबाई एकदम खाली बघायला लागली. मी आजींना शांतपणे पण स्पष्ट सांगितलं, ‘‘नाही आजी, ते कुणी सांगणार नाही आणि कुणी विचारायचंही नाही.’’ गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा 1994 चा कायदा 2003 च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेच्या आधीच्या लिंगनिवडीलाही लागू आहे, आणि आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या 2021 च्या एआरटी कायद्यानं भ्रूणाची तपासणी फक्त आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच ठेवली आहे. आपल्या भागात हे जरा जोरात बोलावं लागतं. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलांमागे 894 मुली होत्या, आणि खानदेशातला जळगाव जिल्हा त्याहूनही बराच खाली होता. आजी रागावल्या नाहीत. पण तो विषय टेबलावरून उतरल्याशिवाय सुनेला स्वतःचा विचार करताच आला नसता, असं मला वाटतं.

मग आम्ही टेस्टकडे वळलो. सरांना वाटत होतं की भ्रूणच मुंबईला पाठवतात. तसं नसतं. भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार होते, पाच-दहा पेशी काढतात. त्या पेशी लॅबला जातात, भ्रूण सेंटरमध्येच गोठलेला राहतो. यांचे भ्रूण आधीच गोठवलेले असल्यामुळे ते वितळवून, पेशी काढून पुन्हा गोठवावे लागले असते. अनुभवी हातात हे बहुतेक वेळा नीट होतं, तरी थोडी जोखीम राहतेच. शिवाय त्या मोजक्या पेशी म्हणजे अख्खा भ्रूण नव्हे. काही रिपोर्ट ‘मोझेइक’ येतात, म्हणजे काही पेशी ठीक, काही नाहीत. असे काही भ्रूण ठेवल्यावर निरोगी बाळंही झाली आहेत. तिनं लगेच विचारलं, ‘‘चारांतले दोन असे निघाले, तर आम्ही टाकून द्यायचे का?’’ त्या दुपारी टेबलावर आलेला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न होता. रिपोर्ट हातात आल्यावर आपण काय करणार, हे ज्यांनी आधी बोलून घेतलेलं नसतं, त्यांची पुढे फार ओढाताण होते.

यांना सुचवलेल्या टेस्टमध्ये गुणसूत्रांची संख्या मोजतात. तिनं भ्रूण सुधारत नाही. चाळणीनं दाणे वाढत नाहीत, फक्त निवडले जातात. तिशीच्या आसपास साधारण चारातल्या एका भ्रूणात संख्या चुकलेली असते, चाळिशीत निम्म्याहून जास्त भ्रूणांत. म्हणून 39-40 वर्षांच्या बाईला या चाळणीनं काही निष्फळ प्रयत्न किंवा एखादा गर्भपात टळू शकतो. 31 व्या वर्षी, चार चांगले भ्रूण हाताशी असताना, हिशेब वेगळा होतो. 2021 मध्ये चीनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 20 ते 37 वयाच्या, किमान तीन चांगले भ्रूण असलेल्या 1,212 स्त्रिया होत्या. टेस्ट केलेल्या गटात 77.2 टक्के स्त्रियांना मूल झालं, न केलेल्या गटात 81.8 टक्के. हे आकडे मी कागदावर लिहून सरांच्या समोर ठेवले. ते गणित शिकवतात, बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

त्यानंतर मी नेहमीसारखी घराण्याची माहिती काढायला बसले. कोणाला काय आजार, कोणाची मुलं लहानपणी गेली, हे सगळं. आणि तिथे सर सहज म्हणाले, ‘‘मोठ्या बहिणीच्या मुलाकडे लाल कार्ड आहे.’’

नंदुरबारमध्ये लाल कार्ड म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण. वाहकाला, म्हणजे ज्याच्यात दोष आहे पण आजार नाही त्याला, पिवळं कार्ड मिळतं. आदिवासी पट्ट्यात हा आजार किती आहे ते आम्ही रोज बघतो. केंद्र सरकारनं 2023 मध्ये 2047 पर्यंतचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, ते उगाच नाही. भाच्याला आजार आहे म्हणजे बहीण वाहक असणार, मग भाऊही असू शकतो. सर कधी तपासलेच गेले नव्हते. आणि ज्या टेस्टवर घरात दोन आठवडे वाद चालला होता, तिच्यात सिकलसेल दिसलाच नसता. गुणसूत्रांची संख्या बरोबर असलेल्या भ्रूणातही सिकलसेल असू शकतो. हे ऐकून दोघंही सुन्न झाले.

पुढचं पाऊल होतं फक्त रक्ततपासणी, हिमोग्लोबिनची एचपीएलसी. सर वाहक निघाले, ती नाही. एकटा बाप वाहक असेल तर मूल फार तर वाहक होतं, त्याला आजार होत नाही. दोघंही वाहक असते तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता 25 टक्के. मग खास त्या एका दोषासाठी भ्रूण तपासणं, किंवा गर्भ राहिल्यावर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना तपासणं, असे पर्याय त्यांच्यापुढे मी मांडले असते. काही घरं यातलं काहीच न निवडता, उपचारांच्या भरवशावर पुढे जातात. त्यांचाही मी तितकाच मान ठेवते.

टेस्ट करायची नाही, असं त्या दोघांनी ठरवलं. ठरवताना तिनं एक अट घातली: ‘‘पुढे काहीही झालं, तरी ‘तेव्हा केली असती तर’ असं माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही.’’ सरांनी आईसमोर हो म्हटलं.

पहिला भ्रूण रुजला नाही. सरांचा फोन आला आणि आवाजावरूनच कळलं की ते वाक्य त्यांच्या ओठांवर आहे. मी त्यांना सांगितलं की टेस्टमध्ये चांगले ठरलेलेही बरेच भ्रूण रुजत नाहीत, ढोबळमानानं दहातले चार. मागून तिचा आवाज आला, ‘‘तीन अजून आहेत, मॅडम. कापसाचे पैसे हातात आले की दुसरा ठेवायचाय.’’ आणि मग, आवाज बदलून, ‘‘नणंदेच्या मुलीचं यंदा लग्न ठरतंय. तिची आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याची सिकलची तपासणी कुठे करायची?’’ मी तिला जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव आणि ओपीडीचा वार सांगितला.