एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये तरुण क्वार्टरबॅक (बॉल फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत घेणं एवढं जोखमीचं का?

कॉलेजात हाताची ताकद दिसते, डोकं दिसत नाही. इथे बॉल हातात आल्यावर जेमतेम अडीच-तीन सेकंदांत बचाव ओळखून दुसऱ्या-तिसऱ्या रिसीव्हरपर्यंत (पास झेलणाऱ्यापर्यंत) नजर न्यावी लागते.

त्यात त्याला वाचवणारी आपल्याच संघाची लाइन कच्ची असेल तर पोरगं कायमचं बिघडतं. ह्यूस्टनने 2002 मध्ये डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेऊन थेट मैदानात उतरवलं. त्या मोसमात तो 76 वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकण्याआधीच पाडला गेला! असं झालं की नजर रिसीव्हरवरून हटून अंगावर येणाऱ्यांकडे जाते, आणि ही खोड सहसा सुटत नाही.

किंमतही जबर. सॅन फ्रान्सिस्कोने 2021 मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी निवडीच्या क्रमात 12 वरून 3 क्रमांकावर जायला पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या, वर तिसऱ्या फेरीची एक. चार सामन्यांत सुरुवात करून तो 2023 मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला गेला. संघाला तारलं ते 262व्या क्रमांकाच्या ब्रॉक पर्डीने.

मग कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्ससारखं पहिलं वर्षभर बाकावर बसवावं? लाइन कच्ची असेल तर जरूर. पण एकच वर्ष. करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय (करार एक वर्ष वाढवायचा का) तिसऱ्या मोसमानंतरच ठरवावा लागतो; म्हणजे एक वर्ष बसवलं तर पोराला पारखायला दोनच मोसम उरतात.