कॉपी आधी धावते, मग रखडते

प्रश्न : घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी मी डिजिटल करून घेतल्या. सगळ्या फाइल मिळून साधारण २०० जीबी होतात. कॉम्प्युटरमधल्या जुन्या एसएसडीवरून नव्या एसएसडीवर कॉपी करताना सुरुवातीला सेकंदाला १४०० एमबी असा वेग दिसतो, पण निम्म्यावर यायच्या आतच तो ८०-९० वर घसरतो, मधूनच शून्य होतो. खोक्यावर ३५०० लिहिलं आहे. नवी ड्राइव्ह १ टीबीची, क्यूएलसी प्रकारची आहे आणि तिच्यात ६५० जीबी आधीच भरलेले आहेत. बाहेरून जोडायच्या एसएसडीवर तर वेग पहिल्यापासून ४० च्या वर जातच नाही. ऑफिसमधला सहकारी डिफ्रॅग कर म्हणतो. ड्राइव्ह खराब निघाली का?

उत्तर : बहुतेक नाही. तुम्ही वेग कधी पडला हेही लिहिलंत, त्यामुळे निदान सोपं झालं. नुसतं ‘स्लो आहे’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. पहिल्यापासून कमी असलेला वेग आणि मध्येच कोसळलेला वेग, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी कोसळण्याबद्दल. क्यूएलसी ड्राइव्हच्या एकेका पेशीत, म्हणजे डेटा साठवायच्या सूक्ष्म कप्प्यात, चार बिट साठवतात. असं दाटीवाटीने लिहायला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह रिकाम्या पेशींमध्ये तात्पुरता एकेकच बिट लिहिते, ते काम झपाट्याने होतं. मग निवांतपणे तोच डेटा चार-चारच्या हिशोबाने आत सरकवते. आणलेली पुस्तकं आधी टेबलावर ठेवायची आणि सवडीने कपाटात लावायची, तसंच हे. या टेबलाला एसएलसी कॅशे म्हणतात.

आता तुमचा हिशोब मांडू. १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ६५० वजा केले की उरले २८०. एका पेशीत चारऐवजी एकच बिट लिहायचा, म्हणजे तेवढ्या जागेत फार तर ७० जीबी मावणार. पुष्कळ कंपन्या त्याहून कमीच कॅशे ठेवतात. तुमच्या फाइल २०० जीबीच्या, त्यामुळे टेबल अर्ध्या वाटेतच भरतं. त्यानंतर ड्राइव्हला नवं लिहायचं आणि जुनं आवरायचं अशी दोन्ही कामं एकदम करावी लागतात. मधूनच दिसणारं शून्य त्यातलंच. खोक्यावरचा ३५०० हा सलग वाचनाचा, सगळं जुळून आलं तरचा आकडा. २०० जीबी लिहिण्याशी त्याचा संबंध नाही. ही गोष्ट खोक्यावर ठळक छापली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

करायचं काय? नको असलेलं काढून रिसायकल बिन रिकामी करा. ड्राइव्हचा पाचवा हिस्सा तरी कायम मोकळा राहू द्या. फाइल चाळीस-पन्नास जीबीच्या गठ्ठ्यांनी टाका आणि मध्ये कॉम्प्युटर चालू ठेवून ड्राइव्हला थोडी विश्रांती द्या, म्हणजे कॅशे रिकामी होते.

डिफ्रॅग करू नका. हार्ड डिस्कमध्ये वाचणारा हेड फिरायचा, म्हणून विखुरलेले तुकडे एकत्र आणण्याचा उपयोग होता. एसएसडीत फिरणारं काही नाही, नुसती लिहिण्याची झीज वाढते. त्याऐवजी विंडोजच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये जा, ड्राइव्हसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय ना ते बघा आणि ऑप्टिमाइझ दाबा. तिथे ट्रिमची आज्ञा जाते, म्हणजे कुठली जागा खरोखर मोकळी आहे हे ड्राइव्हला कळतं.

बाहेरच्या एसएसडीचं दुखणं वेगळं. ४० वर स्थिर राहिलेला वेग म्हणजे बहुतेक वेळा यूएसबी २. त्याची मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० एमबी, हाती ३५-४०. पोर्ट बदला, केबलही बदला. मोबाइल चार्जरसोबत आलेल्या कितीतरी टाइप-सी केबल डेटासाठी यूएसबी २ च्याच असतात; दिसायला सारख्याच. यूएसबी ३ ची केबल आणि पोर्ट मिळाला की आकडा तीन अंकी व्हायला हवा.

एवढं करूनही अडलं तर कॉपी चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. जी डिस्क १०० टक्के दाखवते, अडथळा तिथे. दोन्ही निवांत असतील तर हजारो बारीक फाइल किंवा अँटिव्हायरस बघा. हजारो छोटे फोटो एकेक करून पाठवण्यापेक्षा एका झिपमध्ये बांधून पाठवले, तर बराच वेळ वाचतो.

वेग पडतो, जरा वेळाने सावरतो, पुन्हा पडतो आणि वाचतानाही तसंच होत असेल, तर उष्णतेचा संशय घ्या. एनव्हीएमई ड्राइव्ह (तुमच्या नव्या ड्राइव्हसारखी वेगवान एसएसडी) ७०-८० अंशांच्या आसपास पोचली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासायच्या प्रोग्राममध्ये तापमान आणि प्रकृती दोन्ही दिसतात. तिथे ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ दिसलं, तर वेगाचा विचार सोडून त्या ड्राइव्हवरचं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

आणि कॅसेटींच्या फाइल कृपा करून कट-पेस्ट करू नका. टेप वर्षागणिक खराब होत जाते. त्या पुन्हा डिजिटल करता येतीलच असं नाही. कॉपी करा, दोन-चार व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा आणि बाहेरच्या ड्राइव्हवरची प्रत तशीच राहू द्या.