गाजलेल्या फँटसी कादंबऱ्या आणि नाराज वाचक

प्रश्न : मी पुण्यात राहतो आणि तरुणपणापासून इंग्रजीतून व अनुवादातून फँटसी वाचत आलो आहे. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरला, तेव्हा माझ्या भाचीने ड्रॅगन, राजघराणी आणि सैनिकी शिक्षण असा मसाला असलेली एक प्रचंड गाजलेली कादंबरी मला कौतुकाने घेऊन दिली. तिच्या सगळ्या मैत्रिणींनी ती रात्री जागून वाचली आहे. मी मात्र निम्म्यावर थांबलो. कथेला वेग आहे, पात्रेही आकर्षक आहेत, तरी आत काहीतरी पोकळ आहे असे वाटत राहिले, आणि हे माझे पहिल्यांदाच झालेले नाही. ‘मामा, चार लोकांना आवडलेले तुला कधी आवडतच नाही,’ असे भाचीचे म्हणणे आहे. ज्याला हा प्रकार सर्वांत प्रिय, त्यालाच त्यातली सर्वाधिक खपाची पुस्तके नकोशी का व्हावीत?
एक वाचक, सहकारनगर

उत्तर : भाचीच्या बोलण्यात थोडे तथ्य असू शकते, पण आधी तुमची बाजू घेतो. अद्भुतकथेत लेखक एखादी अशक्य गोष्ट खरी मानायला सांगतो आणि वाचक ती आनंदाने मानतो. त्यानंतर मुरलेला वाचक जे पाहत असतो, ते म्हणजे त्या एका गोष्टीचे परिणाम लेखकाने कुठवर नेले आहेत. ड्रॅगन आहेत हे मान्य. मग त्यांना रोज खायला कोण घालते, तो खर्च कोणत्या गावांच्या माथी पडतो, आकाशातून आग पडू शकते अशा देशात किल्ले कसे बांधतात, आणि ज्याच्याकडे ड्रॅगन नाही तो शेतकरी राजाला कर का देतो? गाजणाऱ्या कादंबऱ्या पुष्कळदा ड्रॅगन देतात आणि पुढचे काहीच देत नाहीत. तो प्राणी उडता घोडा होऊन राहतो, आणि त्याच्या जागी विमान ठेवले तरी कथेत फारसे बिघडत नाही. तुम्हाला जाणवलेली पोकळी बहुधा हीच असावी.

मराठी वाचकाला ही अपेक्षा परक्या पुस्तकांनी शिकवलेली नाही. कर्णाची गोष्ट आठवून पाहा. इंद्र त्याची कवचकुंडले मागून नेतो आणि बदल्यात शक्ती देतो, पण ती एकाच शत्रूवर चालेल अशा अटीवर. कर्ण ती अर्जुनासाठी जपून ठेवतो. पुढे रात्रीच्या युद्धात घटोत्कच कौरवसेनेची दाणादाण उडवतो, सगळे कर्णाच्या मागे लागतात, आणि ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडते. पांडव शोक करत असतात आणि श्रीकृष्ण आनंदित होतो, कारण अर्जुन वाचला हे त्याने ओळखलेले असते. एक दिव्य अस्त्र, त्याची किंमत, त्याची अट, आणि त्या अटीचा शेवटपर्यंत नेलेला हिशेब. वेताळाच्या गोष्टींतही तेच आहे : उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तकाची शकले होणार, आणि बोलला तर मौन मोडून प्रेत पुन्हा झाडावर जाणार. सगळी कथामाला या एका पेचावर उभी आहे. ज्या वाचकाचे लहानपण अशा गोष्टींत आणि ‘चांदोबा’त गेले, त्याला फुकटची जादू पचत नाही यात नवल नाही.

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या 1968 सालच्या कादंबरीत जादूच्या शाळेतले शिक्षक विद्यार्थ्यांना बजावतात की एका बेटावर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ ठरू शकतो. पुस्तक लहानसे आहे, त्यात राजकारणाची जाळी नाहीत की मोठ्या युद्धांची वर्णने नाहीत, पण त्या एका वाक्याने ते जग जिवंत होते, कारण तिथला जादूगार गप्प का बसतो हे आता आपल्याला कळलेले असते.

याउलट हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागात, म्हणजे 1999 साली, हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिला एकाच वेळी भरणाऱ्या तासांना बसता यावे म्हणून काळात मागे नेणारे एक उपकरण दिले जाते. त्या भागापुरता त्याचा वापर इतका चोख आहे की रहस्यकथाकारानेही हेवा करावा. परंतु पुस्तक मिटल्यावर प्रश्न उरतोच : वेळापत्रकाच्या सोयीसाठी जे एका शाळकरी मुलीच्या हाती देता येते, ते मोठ्या माणसांनी झालेले खून परतवण्यासाठी का वापरू नये? 2003 सालच्या पाचव्या भागात जादूगारांच्या मंत्रालयातल्या चकमकीत ती उपकरणे फुटून जातात आणि प्रश्न निकालात निघतो. मला ही मालिका आवडते, तरीही ती फूटतूट वाचताना लेखिकेने एक अवघड खाते बंद केले असेच वाटते.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी 1939 साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात या जागेवर नेमके बोट ठेवले होते. इंग्रज कवी कोलरिज यांनी 1817 साली म्हटले होते की वाचक आपला अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवतो. टॉल्किन यांना ते अपुरे वाटले. लेखकाने रचलेले जग स्वतःच्या नियमांशी प्रामाणिक असेल तर वाचक आत असेपर्यंत त्यावर खरोखरच विश्वास ठेवतो, आणि अविश्वास जागा झाला की तो जगाबाहेर फेकला जातो. त्यानंतर अविश्वास बाजूला ठेवण्याचा प्रयत्न म्हणजे केवळ निभावून नेणे, असे त्यांचे म्हणणे. निम्म्यावर थांबण्याआधी तुम्ही काही पाने असेच निभावून नेत होता, असा माझा अंदाज आहे.

मात्र नियम भरपूर असले की काम झाले, असेही नाही. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी 2007 साली मांडलेला एक विचार आता फँटसी वाचणाऱ्यांत जवळपास पाठ झाला आहे : जादूने संकट सोडवायचे असेल, तर ती जादू वाचकाला आधी जितकी कळलेली असेल तितकाच तो तोडगा पटतो. विचार योग्य आहे. त्याचा अतिरेक झाला की कादंबरी खेळाच्या नियमपुस्तिकेसारखी वाचावी लागते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या जादूगार गँडाल्फला काय येते आणि काय येत नाही, हे टॉल्किन कधीच नीट सांगत नाहीत, तरी वाचकाची तक्रार नसते, कारण ती घातक अंगठी वाहून नेण्याची किंमत ते पूर्ण वसूल करतात. जग बचावते, अंगठी वाहणारा फ्रोडो घरी परततो, पण त्याची जखम भरत नाही आणि अखेर त्याला ती भूमी सोडून जावे लागते. आपल्याकडे अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय मानला आहे, आणि विस्मयाला थोडे न कळलेले शिल्लक असावे लागते.

दुसरे कारण बाजाराचे आहे. टॉल्किन यांच्या कादंबरीच्या स्वस्त आवृत्त्या 1965 साली अमेरिकेत निघाल्या आणि महाविद्यालयीन तरुणांनी त्या डोक्यावर घेतल्या. 1977 साली टेरी ब्रुक्स यांची ‘द सोर्ड ऑफ शन्नारा’ आली. शांत खेड्यातला तरुण, त्याच्या दारी येणारा गूढ मार्गदर्शक, अंधाराचा अधिपती, दूरवरचा खडतर प्रवास असा तिचा सांगाडा टॉल्किन यांच्या इतका जवळचा होता की टीकाकारांनी तिच्यावर सडकून टीका केली, आणि तरी ती धडाक्याने खपली. त्यातून प्रकाशकांना कळले की वाचकाला तीच वाट पुन्हा चालायला आवडते. 1996 साली डायना विन जोन्स यांनी या साच्याची टिंगल करणारे एक पुस्तक प्रवासी मार्गदर्शिकेच्या रूपात लिहिले. त्यात त्या म्हणतात की फँटसीच्या या काल्पनिक देशातले घोडे दिवसभर न थांबता दौडतात आणि त्यांची पैदास बहुधा परागीकरणाने होत असावी. तिथे सगळे जण सदासर्वकाळ एकच रस्सा खातात, मुक्कामावर तो शिजायला किती तास लागतील याचा विचार न करता. राजगडावर मुक्काम करून तीन दगडांच्या चुलीवर साधी खिचडी शिजेपर्यंत ज्यांनी धूर खाल्ला आहे, त्यांना हा विनोद अधिक कळेल. असे शंभर रस्से वाचून झालेल्या माणसाला एकशे एकावा पुढे केला, तर त्याने हात आखडता घेणे स्वाभाविक आहे.

आता भाचीची बाजू. तिच्यासाठी हा कदाचित पहिलाच रस्सा आहे. शिवाय ती कादंबरी जे देऊ करते ते मुळात वेगळे आहे : प्रेमाची ओढ, स्पर्धा, जिवावरची भीती, मैत्री. अलीकडे ‘रोमँटसी’ म्हणून जो प्रकार फोफावला आहे, त्यात प्रणय हा कणा असतो आणि अद्भुत त्याची पार्श्वभूमी. अशा पुस्तकाला ड्रॅगनच्या चाऱ्याचा हिशेब विचारणे हे नाट्यसंगीताच्या मैफलीत नाटकाचा तिसरा अंक मागण्यासारखे होईल. मुखपृष्ठावर ड्रॅगन छापून प्रकाशक ते तुमच्याही हाती देतो, ही चूक त्याची. भाचीने जे शोधले ते तिला मिळाले. तिला ‘अर्थसी’ वाचायला द्या, पण तिच्या पुस्तकाला नावे ठेवत देऊ नका.

प्रश्न : प्राचीन काल्पनिक राज्यातले सेनापती आणि राजकन्या आजच्या मुलांसारखे बोलतात, टोमणेही तसेच मारतात, तेव्हा माझा रस संपतो. एका कादंबरीतली युद्धसभा तर मला हिंजवडीतल्या आमच्या कंपनीच्या सोमवारच्या बैठकीसारखी वाटली. मी जुनाट झाले आहे का?
एक वाचक, बाणेर

उत्तर : मुळीच नाही. ले ग्विन यांनी 1973 साली याच तक्रारीवर एक निबंध लिहिला आहे. त्यात त्या एका तत्कालीन फँटसी कादंबरीतला संवाद घेतात, मोजके शब्द बदलतात, आणि तो उतारा थेट वॉशिंग्टनमधल्या राजकारणावरच्या कादंबरीत शोभेल असा होतो. जो संवाद इतक्या सहज स्थलांतर करतो, तो मुळात त्या जगात राहतच नव्हता. हे मागच्या उत्तराशीच जुळते. जिथे शपथ मोडली तर जीव जातो, तिथली माणसे शब्द जपूनच वापरतील. ती सैल बोलत असतील तर लेखकाने स्वतःच्याच जगावर विश्वास ठेवलेला नाही.

उलट टोकाबद्दलही सांगायला हवे. जुन्या धाटणीची भाषा ज्याला पेलत नाही त्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असेही ले ग्विन त्याच निबंधात सुचवतात. मराठीत हा धोका अधिक आहे, कारण आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी एक भरजरी, अलंकारांनी वाकलेली बोली तयार करून ठेवली आहे आणि नवे लेखक, अनुवादक तिचाच शेला पांघरतात. पानापानावर विजा कडाडतात आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत अंगार फुलतो. त्यापेक्षा हिंजवडीची बैठक परवडली. साधी, नेटकी, थोडी संथ मराठी पुरेशी असते. पोथीतल्या कहाण्या पाहा, त्यांत एक विशेषण जादा सापडणार नाही.

प्रश्न : मोठ्या मालिका पूर्ण होत नाहीत म्हणून मी त्या वाचणे सोडले आहे. यात लेखकांचा दोष मानावा काय?
एक वाचक, चिंचवड

उत्तर : थोडासा. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पाचवा खंड 2011 साली आला, सहाव्याची वाट अजून पाहिली जात आहे. पॅट्रिक रॉथफस यांच्या त्रयीचा दुसरा भागही 2011 सालचाच, आणि तिसरा आलेला नाही. आळसापेक्षा हिशेबाची अडचण मोठी असावी, असे मला वाटते. पहिल्या खंडांत उदारपणे वाटलेल्या अटी, शाप आणि भविष्यवाण्या शेवटी सगळ्या एकदम वसुलीला येतात, आणि लेखक जितका प्रामाणिक तितका तो तिथे अडकतो. रॉबर्ट जॉर्डन यांची 1990 साली सुरू झालेली ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका त्यांच्या हयातीत संपली नाही. 2007 साली ते गेले, आणि त्यांच्या टिपणांच्या आधारे सँडरसन यांनी ती 2013 साली चौदाव्या खंडात पूर्ण केली. तेव्हा पूर्ण झालेली मालिका हवी असेल तर तिच्यापासून सुरुवात करता येईल, मात्र मधले काही खंड फार रेंगाळतात हे आधीच सांगून ठेवतो.